कचेरीच्या दारातलं जातं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय.

तुमच्या नव्या इमारतीच्या फाटकाशी, गोल हिरवळीच्या मधोमध, चौथऱ्यावर एक जातं बसवलंय. त्याला चॉकलेटी ऑइलपेंट फासलाय. कडेनं पांढरी वेल काढलीय, तीही पेंटनं. खाली काळ्या फरशीवर सोनेरी अक्षरं आहेत : ‘सुखी ग्रामजीवनाची खूण’. लग्न ठरलेली पोरं-पोरी तिथं फोटो काढायला येतात. पोरगी नऊवारी नेसून खुंट्याला हात लावते, फोटोवाला सांगतो, जरा हसा.

ते जातं कुठून आलं ते तुम्ही कुणाला विचारलं नाही. जुन्या कचेरीच्या पडवीत ते कोपऱ्यात पडून होतं. शिपायांनी त्याच्यावर टेकून बिड्या ओढल्या. इमारत पाडली तेव्हा कुणाच्या तरी नजरेला ते देखणं दिसलं. तुमच्या कचेरीचं नाव मी इथं लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. मला जातं माहीत आहे. म्हणून सांगते, ते ऐका.

आमचं गाव बिडकीनच्या अलीकडं, पैठण रोडपासून आत. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. कारभारी माझा आजा, द्वारकाबाई आजी, सांडू बाप आणि सारजाबाई माझी आई. शिवाय दोन धाकटे काका आणि एक सालगडी. खाणारी तोंडं लई, दळणारे हात एका सुनेचे.

ज्वारीचं पीठ साठवून चालत नाही. शिळं झालं की भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुटते. म्हणून रोज दळायचं. कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, एक पाय लांब आणि एक दुमडून बसायचं, डाव्या हातानं जात्याच्या तोंडात दाण्यांचा घास टाकायचा, उजव्यानं खुंटा ओढायचा. थंडीत दगड गार, उन्हाळ्यात पाठीला पदर चिकटलेला. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला की बाई सासरी नांदायला लागली असं धरायचे.

आईला दोन खेपा दिवस राहिले आणि दोन्ही खेपा भरायच्या आत गेले. दुसऱ्या खेपेला तिला जात्यावरूनच उचलून आत नेलं. पिठात रक्त लागलं होतं, ते गाईला घातलं.

आजीचं म्हणणं एकच. “जात्यावर बसलं की बाळंतपण सोपं जातं. मी नाय का सात काढली?”

शेजारची मनकर्णाबाई रांडाव होती आणि कुणाला भीत नव्हती. ती म्हणायची, “काढली सात, ऱ्हायली तीन. ते बी सांग की द्वारके.”

मग इब्राहीमनं गिरणी आणली.

इब्राहीमचं घर आमच्या घरामागं, मधे एक बाभळ. तो शहरात इंजिनाचं काम शिकला होता. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत त्याच्या घरातलं सामान अंगणात फेकलं गेलं. त्याच्या बायकोच्या, जमिलाच्या जात्याचा वरचा दगड आपटून तडकला. कुणी फेकला ते गावाला माहीत आहे, गाव ते बोलत नाही. माझा आजा त्या दिवशी दार लावून आत बसला होता. इब्राहीमचा थोरला भाऊ दाऊद बायकापोरं घेऊन निघून गेला, परत आला नाही. इब्राहीम राहिला. तडकलेल्या दगडाला त्यानं लोखंडी पट्टी तापवून चढवली, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी. जातं परत फिरायला लागलं. आणि एक दिवस तो गाडीवर जुनं तेलाचं इंजिन घालून घेऊन आला.

इंजिनाच्या धुराच्या नळीवर त्यानं पत्र्याचा डबा अडकवला होता. पुक पुक पुक आवाज शिवारभर जायचा. बाया डोक्यावर पाट्या घेऊन निघाल्या. आजी निघाली नाही.

“मशीनचं पीठ गरम असतंय,” ती म्हणाली. “त्याचं सत जळून जातंय. असल्या पिठाची भाकर खाऊन गडी नांगर धरील व्हय?”

बापानं यावर तोड काढली. शेतात जाताना घोंगड्याखाली ज्वारी लपवून न्यायची आणि येताना पीठ आणायचं. आईनंही तोड काढली. ती पहाटे उठायची आणि रिकामं जातं फिरवायची, म्हाताऱ्या कानाला दळणाचा आवाज जावा म्हणून. दोघं नवराबायको आपल्या हुशारीवर खूश होते. आईला परत दिवस गेले होते आणि यावेळी अंगावर मांस धरत होतं.

एक दिवस जेवताना आजीनं भाकरीचा पापुद्रा उचलून पाहिला. म्हणाली, “सारजा, रिकामं जातं फिरवू नको. दगड झिजतोय.”

आईचा घास हातात राहिला.

“आत्याबाई, तुमाला...”

“चाळीस वर्सं दळलंय. भरल्या जात्याचा आवाज मला कळंना व्हय? पडून ऱ्हात जा पहाटंची. उगं सोंग करू नको.”

त्यानंतर आजी स्वतः पाटी घेऊन गिरणीत गेली. इब्राहीमला म्हणाली, “बारीक दळ. आन माझ्या आधी कुणाची बाजरी दळली आसंल तर आदी झाडून घे.”

“व्हय मावशी,” इब्राहीम म्हणाला, “तुमच्यासाटी मशीनला आंघोळ घालतो.”

ते दिवस बरे होते. पहाटेला आई झोपायची. नुसतं झोपणं म्हणजे काय असतं ते तिला पहिल्यांदा कळलं, असं ती सांगते.

मग तुमचे लोक आले. एक कारकून, एक शिपाई, गावचा पाटील मागं. कारकून म्हणाला, परवाना जुन्या सरकारचा आहे, उर्दूत आहे, चालायचा नाही. नवा काढा. तोवर गिरणी बंद. कडीला सुतळी बांधली, वर लाख ओतली, शिक्का मारला.

इब्राहीम तालुक्याला गेला. साहेब दौऱ्यावर. परत गेला, कारकून रजेवर. परत गेला, तर बाकावर बसवून ठेवलं आणि दिवे लागायच्या वेळेला सांगितलं, उद्या या. इतरांचे परवाने बदलून मिळत होते. शेजारच्या गावच्या आप्पासाहेबाचा एका फेरीत मिळाला. इब्राहीमला ‘उद्या’ मिळत होता. का, ते कुणी तोंडानं बोललं नाही. शिपाई मात्र हसत म्हणाला होता, “मियाँ, अजून हितंच का तुमी?”

घराघरांतली जाती परत सुरू झाली. आई परत बसली. आता पोट पुढं आलेलं, पाय धड दुमडत नव्हता. खुंटा ओढला की ओटीपोटात दोरी ओढल्यासारखं व्हायचं. तिनं सांगितलं नाही. पण एका सकाळी आजीनं न्हाणीत वाळत घातलेलं लुगडं पाहिलं. त्याला डाग होता, धुऊनही राहिलेला.

आजीनं लुगडं काढून आईपुढं धरलं.

“कवापास्नं?”

“काल.”

“ऊठ तिथनं.”

“आत्याबाई, दळण ऱ्हायलंय.”

“ऊठ म्हणते ना.”

त्या दिवशी आजीनं स्वतः दळलं. म्हातारे गुडघे, उठताना भिंत धरली. मग ती बाभळीपल्याड गेली. जमिला उकिरड्यावर राख टाकत होती.

“जमिला, तुझा नवरा परत जाणार हाय का कचेरीत?”

“काय जाऊन काकी? बैठके येतेत नुस्ते. आता मशीन इकून शहरात जाऊ म्हंतेत.”

आजी तशीच निघाली. पाणवठ्यावर गेली आणि तिथं बायांपुढं बोलली. गिरणी जाणार, इब्राहीम जाणार, आपण मरेस्तोवर दळणार.

“गड्यांना सांगा की,” एक जण म्हणाली.

“गड्यांचं ऱ्हाऊ दे,” मनकर्णाबाई म्हणाली. “गडी मागं दारं लावून बसले व्हते तसे आता बी बसत्याल. त्यांला आयती भाकर दिसती, पीठ कुठं दिसतंय. त्या सायबाला तरी काय दिसतंय? त्याच्या दारात बसून दळलं तर दिसंल.”

बाया हसल्या. आजी हसली नाही. घरी येऊन तिनं पहार मागितली.

आमच्या जात्याचा खालचा दगड भुईत रोवलेला होता. तिच्या सासूनं रोवलेला. आजा म्हणाला, “आगं, घरातलं जातं उखडतेस, आपशकुन हाय.”

“सून जात्यापायी मरायला लागली तवा शकुन कुटं गेला व्हता?” आजीनं विचारलं. “तुमी त्या दिवशी दार लावलं. मी बी लावलं. ऐकत व्हते मी आतून, जमिलाचं जातं आपटलेलं. आज दार लावायचं नाय. गाड्या जुंपा.”

 मग आज्यानंच पहार घेतली आणि दगडाखाली घातली.

सात-आठ घरांची जाती निघाली, जमिलाचंही निघालं. गाड्या भरल्या गड्यांनी, आणि इथं त्यांनी घोळ केला. ओझं सारखं बसावं म्हणून बापानं वरचे दगड सगळे एका गाडीत घातले आणि खालचे दुसऱ्या. जन्मात कधी जात्यावर बसलेले नसल्यानं त्यांना वाटलं, दगड तो दगड. जात्याचे दोन दगड एकमेकांवर झिजून एकमेकांचे झालेले असतात, हे ठाऊक असायला खांदा झिजवावा लागतो.

कचेरीच्या आवारात उतरल्यावर बाया कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

“सांडू, कुणाचं कुणाचं काय केलंस रे हे?”

“बसंल की कसंबी,” बाप म्हणाला.

“तुझं लगीन लावताना आमी आसंच म्हणायला पायजे व्हतं,” मनकर्णाबाई म्हणाली.

पट्टीचा दगड तेवढा जमिलानं ओळखला. तो आमच्या खालच्या दगडावर बसत होता, जेमतेम. बाकीच्यांनी मिळेल तशा जोड्या लावल्या. पडवीत ओळीनं मांडलं, पदर खोचले, दाणे टाकले आणि खुंटे ओढले.

साहेब, चुकीच्या जोडीचं जातं कसं वाजतं ते तुम्ही ऐकलेलं नाही. ते घरघरत नाही, दात खातं. दगड उंच जागी अडतो, खरडतो, मग धाडकन खाली येतो. अशी सात-आठ जाती फरशीच्या पडवीत. आत कारकुनांचे टाक थांबले. झाडावरचे कावळे उडाले. शिपाई धावत आला.

“ए बायांनो, काय चाललंय हे?”

“दळतोय.”

“हितं?”

“गिरणीला तुमचं सील हाय. मंग म्हटलं सरकारच्या सावलीत दळावं.”

आणि आजीनं ओवी धरली. गळा फाटका होता, पण तिच्या ओवीला पाणवठा गप्प व्हायचा.

*जात्या ईसवरा, तुला कचेरी दावीते*
*सायब भावाला पहिली ओवी लावीते*

बाया झेलत गेल्या.

*भावाच्या दारात बहीण बसली दळाया*
*भाऊ खुर्चीवर, त्याला येईना कळाया*

जमिला खाली मान घालून दळत होती. आजीनं तिला कोपरानं ढोसलं. तिनं आधी पुटपुटून, मग मोठ्यानं तिच्या घरच्या बोलीत धरलं.

*साब मेरा भाई है, कुर्सी पो बैठा है*
*बहना के हातां कू देखो तो छाला है*

आई बैलगाडीच्या सावलीत बसली होती. तिला दळायची मनाई होती. ती सांगते, मी तेव्हा पोटात पहिल्यांदाच एवढी जोरात हलले, त्या आवाजानं. ती दचकली आणि मग हसायला लागली.

साहेब बाहेर आला. तरणा होता, चष्मेवाला, बदली होऊन आलेला. कानावर हात ठेवूनच त्यानं विचारलं, “थांबवा हे. काय पाहिजे तुम्हाला?”

“काय नाय सायब. दळण संपलं की जातो,” आजी म्हणाली. “उद्याच्याला परत येऊ. ज्वारीचं पीठ टिकत नाय.”

“मी हे सगळे दगड जप्त करीन.”

“करा की. मंग रोजची ज्वारी तुमच्याकडं पाठवू. तुमी दळून द्या.”

फाटकाबाहेर गर्दी जमली होती. कुणीतरी हसलं. साहेबाचे कान लाल झाले. शिपायानं एका जात्याला पाय लावला. आजा आणि बाप पुढं आले आणि त्या जात्याशी उभे राहिले. शिपायानं पाय काढला. त्या जात्याला लोखंडी पट्टी होती. इब्राहीम गाडीपाशी उभा होता. त्यानं ते पाहिलं आणि दुसरीकडं तोंड केलं. डोक्याचा रुमाल काढून तो बराच वेळ तोंड पुसत होता.

दुपारी आजीनं आवारात तीन दगड मांडून चूल केली. त्याच पिठाची भाकरी थापली. पितळीत भाकरी, वर ठेचा, असं घेऊन ती सरळ साहेबाच्या खोलीत गेली.

“हे काय?”

“ओवीत भाऊ म्हणून बसवलंय तुमाला. आता बहिणीची भाकर खाल्ल्याबिगर उठायचं नाय.”

साहेबानं तिच्याकडं पाहिलं, मग दाराशी अडलेल्या बायांकडं. घास मोडला, तोंडात घातला आणि तिथंच थांबला.

“खडे आहेत यात.”

“हायेत. दगड दगडाला खातोय ना. जोड्या बदलल्यात आज. पर सायब, झिजलेल्या दगडाला टाकीनं टोचून घेतल्यावर घरी बी दोन-चार दिस आशीच लागती. आमी गिळतो.”

साहेबानं घास गिळला. पाणी प्याला. मग कारकुनाला हाक मारली. इब्राहीमचा अर्ज कुठं आहे, विचारलं. कारकून म्हणाला, शोधावा लागेल. साहेब म्हणाला, “मी ही भाकरी संपवेपर्यंत शोधा. नाही मिळाला तर उरलेली तुम्ही खायची.”

अर्ज लगेच मिळाला. तो कुठं हरवलेलाच नव्हता.

साहेबानं सही केली. इब्राहीमला आत बोलावून कागद हातात दिला, पण त्याच्याकडं बघून नाही. माफी कुणी मागितली नाही. हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही त्या साहेबाचाही चौथरा बांधाल.

निघताना आजी जमिलाला म्हणाली, “तुझं-माझं हे हितंच ऱ्हाऊ दे पडवीत. परत सील लागलं तर आणायची तकलीफ नको.”

“हौ काकी,” जमिला म्हणाली. “देखने दो रोज उन्कू.”

वरचा दगड जमिलाचा, खालचा आमचा. असं ते जातं तुमच्याकडं राहिलं. घरी परत आणलेले दोन, आमचा वरचा आणि त्यांचा खालचा, इब्राहीमनं गिरणीच्या दाराला पायऱ्या म्हणून बसवले. पाट्या घेऊन येणारी बाई आधी त्यांच्यावर पाय देते, मग आत जाते. आजीनंच सांगितलं होतं, पाय देऊनच जायचं.

मी दिवस भरून जन्मले. माझ्या पाठीवर आणखी तिघं, सगळी जगली.

पुढचं तुम्हाला दिसतंच आहे. इंजिन जाऊन विजेची मोटर आली. चूल गेली, गॅस आला. मळ्यापर्यंत डांबर आलं. सासवासुना एका सोफ्यावर बसून मालिका बघतात आणि तिथंही भांडतात. पीठ पिशवीत मिळतं. इब्राहीमची नात वहिदा चितेगावच्या कंपनीत मशीनवर आहे, स्कूटीवर जाते, बापाच्या गिरणीचं बिल मोबाइलवरून भरते. तिचे दोन्ही खांदे सारखे आहेत. मला ते बघायला आवडतं.

ओव्या गेल्या. शहरातले लोक येतात, आईपुढं मोबाइल धरतात, म्हणतात, आजी, केवढं सुंदर जग होतं तुमचं. आई आता नव्वदीत आहे, दात नाहीत, पण जीभ मनकर्णाबाईची घेतलीय. ती म्हणते, “ओवी चांगली व्हती, दळण वाईट व्हतं. तुमी दळा, मी म्हणते.” एकही बसला नाही अजून.

तुमच्या चौथऱ्याचा फोटो मी तिला दाखवला. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला, डोळ्याजवळ नेला आणि हसायला लागली, गाडीच्या सावलीत हसली असेल तशी.

“ही बघ जमिलाची पट्टी. आन खालचा आपला. आजून तीच जोडी गं. कुणी बदलली नाय.”

तर साहेब, ज्या कडेवर तुम्ही वेल रंगवलीय, ती लोखंडी पट्टी आहे. तिच्याखाली तडा आहे. तो पोलीस ॲक्शनच्या दिवसांतला आहे. तुम्ही लिहिलंय सुखी ग्रामजीवन. ते जातं एका घरचं नाही. दोन घरांचं आहे, एका घराचं दार बंद होतं आणि एका घराचं सामान अंगणात होतं, त्या दोन घरांचं. ते आणलं होतं तुमच्याशी भांडायला, आणि बाया जिंकून निम्म्या वाटेत गाडीतून उतरून फुगड्या खेळत घरी गेल्या. लिहायचंच असेल तर हे लिहा. यात सुख आहे.

आणखी एक. मागच्या आठवड्यात मी आणि वहिदा तिथं आलो होतो. फोटोवाला जेवायला गेला होता. आम्ही दोघींनी खुंटा धरून ओढला. दगड हलला नाही. तुम्ही दोन्ही दगडांच्या मधे सिमेंट भरलंय.

वहिदानं तुमच्या सुरक्षारक्षकाला विचारलं, “भाई, ये फिरता क्यों नहीं?” तो म्हणाला, “साहेबांचा हुकूम आहे. आवाज होतो.”

हो, आवाज होतो. आम्हाला माहीत आहे कसला होतो. पाटी कधी उतरवताय आणि सिमेंट कधी फोडताय, एवढंच विचारतेय. आई नव्वदीत आहे, तिला ‘उद्या या’ सांगू नका. उत्तर द्या.